पाखरं बघा, मोजा, लिहा



तुमच्या वर्गाच्या बाईंनी मला निरोप धाडला, "तुम्ही मंडळी पाखरं बघायला जाता म्हणे. एकदा येऊन आमच्या लोकांना त्याबद्दल चार गोष्टी सांगा." म्हणून मी आलो आहे.

तुमच्यातले काही जण मनात म्हणत असतील, "पाखरं बघायला मुद्दाम कशाला जायचं? उठल्यापासून दिसतातच की!" खरं आहे. शाळूच्या राखणीला माळ्यावर चढून ज्यानं गोफण फिरवली, त्याला मी पाखरांची काय ओळख करून देणार? कोणतं पाखरू कणसावर बसतं, कोणतं किडे टिपतं, कोणतं ओरडलं की पेरणी जवळ आली म्हणायचं, हे तुम्हांला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. पण हे सगळं तुमच्या डोक्यात आहे, कागदावर नाही. आज मला एवढीच गोष्ट सांगायची आहे. तुम्हांला पाखरं ओळखता येतात, आणि आता लिहिताही येतं. या दोन्ही गोष्टी एका वहीत आणा. त्यातून काय होतं, ते पुढे सांगतो.

पाखरं बघायला फाल्गुन महिना फार चांगला. आपल्याकडे काही पाखरं बारा महिने राहतात. ती घरची. काही फक्त थंडीत येतात. ती पाहुणी. उत्तरेकडे बर्फ पडू लागला, खायला मिळेनासं झालं, की ती हजारो मैल उडत आपल्याकडे येतात. चैत्रात ऊन तापलं की बहुतेक सगळी परत निघतात. फाल्गुनात पाहुणे अजून गेलेले नसतात, आणि घरच्या पाखरांना विणीचे वेध लागलेले असतात. नरांचे रंग उजळतात. ते गाऊ लागतात. बरीच झाडं पानं गाळून उभी असतात, त्यामुळे पाखरू लपत नाही. सावर, पांगारा, पळस या झाडांना तर पानं नसतात आणि फुलं मात्र लगडलेली असतात. त्या फुलांतला मध प्यायला मैना, बुलबुल, इवलासा शिंजीर अशी सगळ्यांची गर्दी होते. वडा-पिंपळावर तांबट बसतो आणि 'टुक, टुक, टुक' असा हातोडी मारल्यासारखा आवाज दिवसभर काढतो. म्हणूनच त्याचं नाव तांबट.

याच दिवसांत कोकीळ ओरडू लागतो. आपण म्हणतो, कोकिळा गाते. पण गातो तो नर. तो काळाकुळकुळीत असतो, डोळे लाल. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके. ती गात नाही, नुसती 'किक्, किक्' करते आणि कावळ्याच्या घरट्यात अंडी घालून मोकळी होते.

आता आपला तालुका डोळ्यांपुढे आणा. उत्तरेला नीरा नदी. दक्षिणेला शंभू महादेवाचा डोंगर. मधे बाणगंगेच्या काठी फलटण. भाटघरचं धरण १९२८ साली पुरं झालं. पुढे वीर धरण झालं. नीरा उजव्या कालव्याने पाणी आलं आणि तालुक्याचे दोन भाग पडले. कालव्याच्या खाली बागायत, ऊस. कालव्याच्या वर डोंगरापर्यंत जिरायत आणि माळ. पाणी, शिवार आणि माळ, तिन्ही जवळजवळ. तिन्हींची पाखरं वेगवेगळी. एका दिवसात तिन्ही बघता येतात.

होळीच्या आधीच्या रविवारी आम्ही सहा जण निघालो. एक शाळामास्तर, एक एसटीचे कंडक्टर, एक शेतकरी जोडपं, मी आणि एक मावशी. या मावशी गेल्याच वर्षी तुमच्यासारख्या एका वर्गात अक्षरं शिकल्या. वही आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिली. सामान फार नव्हतं. दोन दुर्बिणी, पाण्याच्या बाटल्या, भाकरी, ठेचा, कांदे. कपडे मातकट रंगाचे. लाल-पिवळं भडक नेसून गेलं तर पाखरू लांबूनच उडतं.

उजाडता उजाडता कालव्यावर पोचलो. काठावर परीट शेपटी खालीवर हलवत पळत होते. परीट म्हणजेच धोबी. हे थंडीचे पाहुणे. तुतवारही पाहुणाच. तो चिखलात चोच खुपसत होता आणि मागचं अंग सारखं हलवत होता. तारेवर खंड्या बसला होता. पाण्याच्या कडेला एक मातकट पाखरू मान आखडून गप्प बसलं होतं. जवळ जाईपर्यंत दिसलंच नाही, आणि उडालं तेव्हा पंख पांढरेशुभ्र.

मावशी म्हणाल्या, "ही ढोकरी."

मास्तर म्हणाले, "मावशी, पुस्तकात याला वंचक म्हणतात."

"आमच्याकडं ढोकरीच म्हणत्यात."

"मग ढोकरीच लिहा."

मास्तरांनी हे ठीक केलं. मारुती चितमपल्ली यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ते १९३२ साली सोलापुरात जन्मले, आणि पुढे बरीच वर्षं वनखात्यात नोकरीला होते. २०२५ साली ते वारले. रानातल्या माणसांच्या तोंडची पाखरांची नावं त्यांनी गोळा केली आणि 'पक्षिकोश' तयार केला. म्हणजे तुमच्या-आमच्या बोलीतलं नाव हे अडाणी नाव नव्हे. तेच खरं नाव. ५ नोव्हेंबर हा चितमपल्लींचा जन्मदिवस, आणि १२ नोव्हेंबर हा पक्षीतज्ज्ञ सालिम अली यांचा. म्हणून २०२० साली सरकारने ठरवलं, की हे आठ दिवस महाराष्ट्रात पक्षी सप्ताह पाळायचा.

कालव्यावरून आम्ही शिवारात आलो. शाळू काही ठिकाणी काढला होता, काही ठिकाणी उभा होता. इतक्यात डोक्यावरून ढग गेल्यासारखी सावली गेली. भोरड्यांचा थवा! दोन-तीनशे तरी असतील. कोणी त्यांना पळसमैना म्हणतात. अंग गुलाबी, डोकं आणि पंख काळे. थवा एकदम वळतो, एकदम बसतो, एकदम उठतो.

आमच्यातला शेतकरीदादा म्हणाला, "ही आमची वैरीण. कणसं रिकामी करती."

त्याचं म्हणणं खोटं नाही. भोरडी शाळू खाते. पण तिची दुसरी बाजूही बघितली पाहिजे. विणीच्या दिवसांत तिचा मुख्य आहार टोळ आणि नाकतोडे. ती वीण घालते मध्य आशियाच्या बाजूला, गवताळ, खडकाळ मुलखात. चीनच्या शिंजियांग प्रांतात टोळांनी लोक हैराण झाले, तेव्हा त्यांनी भोरड्यांसाठी दगडांचे ढीग रचून घरट्यांची सोय केली. भोरड्या आल्या आणि टोळ खाऊ लागल्या. कणीस खाताना ती आपल्याला दिसते, कारण आपण तेव्हा राखणीला असतो. किडे खाताना आपण बघत नाही.

असंच टिटवीचं आहे. रात्री टिटवी ओरडली की घरातली म्हातारी माणसं म्हणतात, वाईट होणार. टिटवी जमिनीवर अंडी घालते. कुत्रं, कोल्हा, माणूस, कोणीही त्या वाटेने आलं की ती ओरडते. ती आपल्या लेकरांची राखण करते. आपल्या मरणाशी तिला काय करायचंय? घुबडाचंही तेच. गव्हाणी घुबड रात्रभर उंदीर मारतं. ज्याच्या कणगीत धान्य आहे, त्यानं तरी त्याला अशुभ म्हणू नये.

दहा वाजता आम्ही डोंगराच्या पायथ्याच्या माळावर आलो. तिथे झाड म्हणाल तर एखादी बाभळ, एखादी बोर. बाकी वाळलेलं गवत आणि मुरूम. नवख्या माणसाला वाटेल, इथे काय आहे? थोडं थांबायचं. गप्प उभं राहायचं.

आधी आवाज आला. बारीक, लांब ओढलेली शीळ. मग दिसला डोंबारी. हा चिमणीहून लहान चंडोल. नराचं पोट काळं. तो पंख फडफडवत सरळ वर गेला. तिथून पंख मिटून दगडासारखा खाली आला. जमिनीवर आपटणार असं वाटलं, तोच पुन्हा वर. असं चार-पाच वेळा केलं आणि ढेकळावर येऊन बसला. जत्रेतला डोंबारी दोरावर कसरत करतो, तशी ही कसरत. मादीला दाखवण्यासाठी.

बाभळीच्या काट्यावर एक नाकतोडा टोचून ठेवलेला दिसला. ही करणी खाटकाची. खाटीक हे पाखराचंच नाव. तो भक्ष्य काट्याला अडकवून ठेवतो. जरा वेळाने एक शिकारी पक्षी गवताच्या अगदी वरून, पंख न हलवता, तरंगत गेला. तो भोवत्या. हाही पाहुणाच, उत्तरेच्या गवताळ मुलखातला. उंदीर आणि टोळ ही त्याची शिदोरी. रात्री तो झाडावर झोपत नाही, गवतातच जमिनीवर झोपतो. गवत गेलं की त्याचं अंथरूण गेलं.

तिथे एक मेंढपाळ बाबा मेंढरं चारत होते. आम्ही दुर्बीण लावून उभे. त्यांना नवल वाटलं.

"काय हरवलंय का पाव्हणं?"

"नाही बाबा, पाखरं बघतोय."

"मग तिकडनं जाऊ नगासा. तितं पाखरानं अंडी घातल्याती. मी मेंढरं बी वळवून नेतो."

"कोणत्या पाखरानं, बाबा?"

"नाव ठावं न्हाई. पर पळतंय लई."

आम्ही लांबूनच बघितलं. ते धाविक होतं. तांबूस अंग, डोळ्यावरून काळी आणि पांढरी रेघ, पाय पांढुरके, लांब. चार पावलं धावायचं, एकदम थांबायचं, वाकून किडा टिपायचं, पुन्हा धावायचं. हे पाखरू घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर, लेंड्या आणि खड्यांच्या मधे दोन-तीन अंडी घालतं. अंडी मातीच्याच रंगाची. पाय पडेपर्यंत माणसाला दिसत नाहीत. त्या बाबांना मात्र ती जागा ठाऊक होती.

कंडक्टरांनी विचारलं, "बाबा, पहिल्यापासून इतकीच आहेत का ही?"

"छ्या! माज्या बापाच्या येळंला लई. पावलापावलाला उठायची. आता दिसभरात योक जोडी दिसली तर दिसली."

मावशींनी पेन्सिल उचलली आणि विचारलं, "लई म्हंजी किती ओ? धा? ईस? पन्नास?"

बाबा हसले. "मोजलंय कुणी?"

मंडळी, या प्रश्नावर आम्ही सगळे गप्प झालो. मोजलंय कुणी? कुणीच नाही. तेव्हा त्या माळावर किती धाविक होते, हे आता कोणालाही सांगता यायचं नाही. बाबांच्या वडिलांनी बघितलं होतं. ते गेले, त्यांच्याबरोबर ते माहीतपणही गेलं.

आपण माळाला पडीक म्हणतो. सरकारी कागदांतही बऱ्याचदा तसंच लिहितात. पडीक म्हणजे बिनकामाचं. म्हणून कोणी तो नांगरतो, कोणी मुरूम उपसतो, कोणी चांगल्या हेतूने झाडं लावतो. धोम-बलकवडीचं पाणी तालुक्याच्या दुष्काळी पट्ट्यात आलं. पाणी आलं हे चांगलंच झालं. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या टँकरची आणि आभाळाची वाट बघितली, त्यांना पाणी नको असं कोण म्हणेल? पण सगळाच माळ मोडून चालणार नाही. मेंढरांना तो लागतो, डोंबाऱ्याला लागतो, धाविकाला लागतो. माळढोकाचं काय झालं बघा. उंच मानेचा, दहा-पंधरा किलोंचा हा पक्षी. त्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली अभयारण्य झालं. आज महाराष्ट्रात तो जवळजवळ दिसेनासा झाला आहे, आणि साऱ्या देशात दीडशेच्या आसपास उरला आहे.

आता मोजून लिहिल्याने काय होतं, ते सांगतो. गिधाडाचंच उदाहरण घ्या. ज्यांची पन्नाशी उलटली, त्यांना गिधाडं आठवत असतील. गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की तास-दोन तासांत हाडं उरायची. मग गिधाडं दिसेनाशी झाली. लोक म्हणाले, कुठे तरी गेली असतील. पण राजस्थानात भरतपूरला डॉ. विभु प्रकाश नावाचे अभ्यासक होते. त्यांनी १९८०च्या दशकात तिथली गिधाडं आणि त्यांची घरटी मोजून लिहून ठेवली होती. १९९०च्या दशकात त्यांनी पुन्हा मोजणी केली. दोन्ही आकडे शेजारी ठेवले, तेव्हा कळलं की गिधाडं गेली नाहीत, मरताहेत.

मग शोध सुरू झाला. २००४ साली कारण जाहीर झालं. डायक्लोफेनॅक नावाचं औषध. जनावराच्या अंगदुखीवर, सुजेवर ते टोचत. असं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं, की त्याचे मूत्रपिंड निकामी होऊन ते मरायचं. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर पंधरा वर्षांत शंभरातली नव्व्याण्णव गेली. मेलेली जनावरं कुजू लागली, मोकाट कुत्री वाढली. २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. त्याच्या जागी मेलोक्सिकॅम नावाचं औषध आहे, त्याने गिधाडाला धोका नाही. जनावराला सुई देताना डॉक्टरला विचारा, औषध कोणतं. बाटलीवरचं नाव आता तुम्हांला वाचता येतं.

भरतपूरला पहिली मोजणी झालीच नसती तर? गिधाडं कमी झाली, एवढंच आपण म्हणत राहिलो असतो. कधीपासून, किती, हे सांगता आलं नसतं. आणि तपास उशिरा लागला असता.

दुसरं उदाहरण हंसाचं. पट्टकादंब नावाचा करडा हंस आहे. डोक्यावर दोन काळे पट्टे. तो मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून थंडीत आपल्याकडे येतो. आपल्या कालव्याचं पाणी ज्या वीर धरणातून येतं, तिथेही तो उतरतो. मंगोलियातल्या अभ्यासकांनी काही हंसांच्या गळ्यात अक्षरं लिहिलेले पट्टे घातले. पुढे कर्नाटकातल्या तळ्यांवर असे हंस उतरले. तिथल्या माणसांनी दुर्बिणीतून पट्ट्यावरची अक्षरं वाचली आणि कळवली. त्यावरून ठरलं, की हा हंस कुठून निघाला आणि कुठे आला. एकाने लिहिलं, हजारो मैलांवर दुसऱ्याने वाचलं. मधे पत्र घेऊन आला हंस.

आणि लिहायला मोठं शिक्षण लागतं असं समजू नका. सालिम अलींनी लहानपणी चिमणीच्या घरट्यावर चार टिपणं लिहून ठेवली होती. साठेक वर्षांनी ती पक्षीनिरीक्षकांच्या पत्रिकेत छापली गेली. तेव्हा कुठे ते तज्ज्ञ होते? एक शाळकरी पोर होतं. पण त्याने जे पाहिलं, ते त्याच दिवशी लिहिलं.

तेव्हा तुम्ही काय करायचं?

एक साधी वही घ्या. वर तारीख लिहा. तिथीही लिहा, कारण शेतीचं गणित आपण तिथीनेच करतो. मग वेळ लिहा, जागा लिहा. 'विहिरीजवळ', 'ओढ्याच्या कडेला', असं लिहिलं तरी चालेल. मग पाखराचं नाव आणि आकडा. नाव येत नसेल तर वर्णन लिहा. केवढं, रंग कसा, चोच कशी, काय करत होतं. 'चिमणीएवढं, पोट काळं, वर जाऊन खाली पडतं', एवढं लिहिलं तर कोणीही जाणकार सांगेल, हा डोंबारी. दिसलं तेवढंच लिहा. शंभर असतील असं वाटलं म्हणून शंभर लिहू नका. मोजता आले नाहीत तर 'अंदाजे' हा शब्द पुढे घाला. आणि एखादं पाखरू दिसलं नाही, तर तेही लिहा. 'आज टिटवी नाही', हीसुद्धा नोंदच आहे.

रोज पंधरा मिनिटं पुरेत. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर लोक अशीच पंधरा-पंधरा मिनिटं आपल्या घराभोवतीची पाखरं मोजतात. १९९८ साली ही मोजणी अमेरिकेत सुरू झाली. २०१३ पासून भारतातली माणसंही तीत भाग घेतात. त्यात प्राध्यापक असतात, तशी शाळेची मुलं आणि घरकाम करणाऱ्या बायाही असतात.

चार पथ्यं पाळा. घरट्याजवळ जाऊ नका. आपण उभे राहिलो की आई अंड्यांवरून उठते आणि उन्हाने अंडी तापतात. फोटोसाठी पाखराच्या मागे धावू नका. तितर, लावे फासे लावून धरू नका, पोपट पिंजऱ्यात ठेवू नका. १९७२च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. आणि उन्हाळ्यात दारात मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवा. रोज बदला.

त्या दिवशी परत निघताना मावशींनी वही वाचून दाखवली. 'परीट ७. खंड्या २. ढोकरी ३. भोरडी अंदाजे २५०. टिटवी ४. डोंबारी ५. भोवत्या १. धाविक २, अंडी आहेत, जागा सांगू नये.' शेवटचे तीन शब्द त्यांनी स्वतःच्या मनाने घातले होते. मास्तर म्हणाले, ही ओळ आमच्यातल्या कोणाला सुचली नसती.

त्या माळावर किती धाविक आहेत, हे विसाव्या वर्षी कोणी विचारलं तर एका दिवसाचं तरी उत्तर आता आहे. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या दिवसाचं उत्तर लिहायला माणसं हवीत. ती तुमच्यात आहेत, असं समजून मी आलो.

बाईंनी प्रत्येकासाठी एकेक कोरी वही आणली आहे, ती घेऊन जा. पुढच्या महिन्यात मी पुन्हा येईन. तेव्हा मी बोलणार नाही. तुम्ही आपापल्या वह्या वाचून दाखवायच्या आणि मी ऐकायचं.